ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं

प्रिय मावशी,
नमस्कार. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात तिचा कान दुखत होता म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. त्यात जुलाब झाले आणि डायपरच्या जागी लाल पुरळ उठलं. यांना वर्षभर जांघेत गजकर्ण आहे, त्यावर मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब घरात कायम असते. सासूबाई म्हणाल्या, 'खाज ती खाजच, थोडी हिलाही लाव.' लावली. दोन दिवसांत सगळं साफ. बंद केल्यावर चार दिवसांत परत आलं, आधीपेक्षा जास्त. असं तीनदा झालं. आता पाच दिवस मी काहीच लावलेलं नाही, पण जांघेच्या वळ्या लालबुंद झाल्यात, आजूबाजूला बारीक बारीक पुटकुळ्या आहेत आणि शू झाली की ती किंचाळते. मालिशवाल्या बाई म्हणतात, खोबरेल तेलात कापूर घालून लावा. यांचं गजकर्णही जात नाही. बाळाला फंगलचं औषध लावलं तर चालतं का? आणि सासूबाईंना न दुखावता काय सांगू? तिच्यासाठी रात्री माझ्यापेक्षा जास्त त्याच जागतात.
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

अगं, आधी कामाचं सांगते, बाकीचं मग. उद्या सकाळी लेकीला तिच्या डॉक्टरांकडे ने आणि निघताना ती ट्यूब पर्समध्ये टाक. संपली असेल तर रिकामीच ने, खोका सापडला तर तोही घे. एकूण किती दिवस लावली, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी लावली, हे आज रात्रीच एका कागदावर लिहून ठेव. दवाखान्यात मूल रडायला लागलं की आईला ऐन वेळी काही आठवत नाही. पाच दिवस लावली नाहीस ते बरं केलंस. आता पुन्हा लावू नकोस.

तुझा प्रश्न होता, बाळाला फंगलचं औषध चालतं का. चालतं. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, निस्टॅटिन ही एकेकटी, साधी औषधं डॉक्टर तान्ह्या बाळांनाही देतात, आणि त्वचेवर लावल्यावर ती रक्तात अगदी नाममात्र उतरतात. पण तुमच्या घरातली ट्यूब या साध्या औषधांपैकी नाही, हे मी ती हातात न घेताही जवळपास खात्रीने सांगते. तूच लिहिलंयस ना, 'दोन दिवसांत सगळं साफ'? नुसत्या बुरशीच्या मलमाला हे जमत नाही. त्याला खाज उतरवायलाच काही दिवस लागतात आणि कातडी पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे. दोन दिवसांत लाली पुसून टाकतं ते स्टेरॉईड.

ट्यूब उलटी करून बघ. पुढे मोठ्या अक्षरांत जे छापलंय ते कंपनीने ठेवलेलं नाव, ते सोडून दे. मागे बारीक अक्षरांत औषधांची खरी नावं आणि त्यांचे टक्के असतात. तिथे तुला बहुतेक तीन-चार नावं एकाखाली एक दिसतील. ज्याच्या शेवटी 'झोल' ते बहुधा बुरशीवरचं. जेंटामायसिन, निओमायसिन असं काही असेल तर ते अँटिबायोटिक. आणि क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं दिसलं, तर ते स्टेरॉईड. यात क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल या दोन नावांचा घोळ फार होतो. ऐकायला सख्खी भावंडं, पण एक स्टेरॉईड आणि दुसरं बुरशीवरचं औषध. दुकानात गर्दी असताना तोंडी नाव सांगितलं की सोलचं झोल आणि झोलचं सोल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून चिठ्ठी दाखवूनच औषध घ्यायचं, आणि घरी येऊन पाठीवरची अक्षरं चिठ्ठीशी ताडून बघायची. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढ आणि मोठा करून वाच.

स्टेरॉईड बुरशीला मारत नाही. कातडी लाल होते, सुजते, खाजते, कारण शरीर त्या बुरशीशी झगडत असतं. स्टेरॉईड तो झगडाच बंद पाडतं. घरात चोर शिरलाय, कुत्रा भुंकतोय, आणि आपण उठून कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधलं, असं ते आहे. शांत वाटतं, पण चोर आतच असतो. ट्यूब थांबवली की फडकं सुटतं आणि कुत्रा आधीपेक्षा जोरात भुंकतो, कारण तोवर चोर आणखी दोन खोल्यांत शिरलेला असतो. तुझ्या लेकीचं तीनदा झालं ते हे. तुझ्या नवऱ्याचं वर्षभर चाललंय तेही हेच.

आणि बाळाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. वजनाच्या मानाने सात महिन्यांच्या मुलाची कातडी मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट पसरलेली असते, नवजात बाळाची त्याहूनही जास्त. म्हणजे तेवढ्याच जागेवर लावलेलं औषध त्या छोट्या जिवाला कितीतरी जास्त लागतं. त्यात सोललेली, ओली कातडी, आणि वर डायपर. मोठ्या माणसांच्या काही आजारांत औषध खोल मुरावं म्हणून त्वचेचे डॉक्टर मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळायला सांगतात. बाळाला ते प्लास्टिक आपण दिवसरात्र गुंडाळूनच ठेवलेलं असतं. क्लोबेटासोल तर त्वचेवर लावायच्या स्टेरॉईडमधल्या सर्वांत तीव्र गटातलं. अशी ट्यूब डायपरखाली आठवडेच्या आठवडे लावल्याने बाळांचे गाल चंद्रासारखे फुगले, वजन भराभर वाढलं, उंची वाढायची थांबली, रक्तदाब चढला, आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावल्या, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांमध्ये आहेत. लोकांना तेव्हा वाटत असतं, बाळ छान बाळसं धरतंय.

तुझ्या लेकीला तुटक तुटक, थोडेच दिवस लागलंय. असं काही झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. तरी तेवढ्यावर बाळाला सोडायचं नाही, म्हणून डॉक्टर. आज रात्रीच तिला ताप आला, उलट्या झाल्या, ती मलूल पडली किंवा दूध घेईना, तर सकाळची वाट बघू नकोस. इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल म्हण किंवा घराजवळचं दुसरं मोठं हॉस्पिटल म्हण, थेट इमर्जन्सीत जा आणि तोंडातून पहिलं वाक्य हे काढ: 'बाळाला स्टेरॉईडची ट्यूब लावली होती.' ते कळलं तर डॉक्टरांना योग्य दिशेने विचार करता येतो.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. एकतीस वर्षं मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. 'दाद की ट्यूब देना', म्हणजे गजकर्णाची ट्यूब द्या, म्हणत येणारी माणसं रोजची. चिठ्ठी कोणाकडेच नसायची. आणि ती तीन-चार औषधांची ट्यूब सगळे नाव घेऊन मागायचे, कारण ती लगेच गुण देते. मीही दिल्यात. एका आजींना नातीसाठी दिली होती. महिन्याभराने त्या मुलीला कडेवर घेऊन आल्या तेव्हा तिच्या मांड्यांची कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ झाली होती, आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. त्या आजींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, 'तीच ट्यूब द्या अजून एक.' मी त्यांना ट्यूब दिली नाही, हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेले. पण पहिली ट्यूब माझ्या हातूनच गेली होती, हे मी विसरलेले नाही.

तेव्हा कायदाही ढिला होता. २०१८मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ प्रकारची स्टेरॉईडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. खोक्यावर आरएक्सची खूण आणि चिठ्ठीशिवाय विक्री नको अशा अर्थाची ओळ आता असते. पण ती ओळ वाचतं कोण? मोठ्या दुकानापासून गल्लीतल्या टपरीवजा मेडिकलपर्यंत, मागितली की मिळते. म्हणून राखणदारी आपल्यालाच करायला हवी.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर उद्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर तू घाबरशील. स्टेरॉईड म्हणजे विष नव्हे. पुरळ फारच भडकलं असेल तर डॉक्टर कधीकधी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉईड मोजून दोन-चार दिवस देतात. तपासून, मोजून दिलेलं औषध वेगळं आणि कपाटातली अर्धी पिळलेली ट्यूब वेगळी.

आता लेकीच्या पुरळाबद्दल. ते तू फार नीट लिहिलंयस. नुसत्या ओलीने आणि घासण्याने होणारं डायपरचं पुरळ बहुधा फुगीर भागांवर उठतं: कुल्ले, मांड्यांचा पुढचा भाग, ओटीपोट. जिथे डायपर घासतो तिथे. वळ्यांच्या आतली कातडी त्यातून बऱ्याचदा सुटते. तुझ्या लेकीचं उलटं आहे. वळ्याच लालबुंद, आणि मुख्य लाल भागापासून जरा दूर, सुट्या सुट्या पुटकुळ्या, जणू मोठ्या डबक्याभोवती शिंतोडे. ही बहुतेक वेळा कँडिडाची खूण. कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी आपल्या सगळ्यांच्या आतड्यात थोडीफार असते. तिला आवरून धरणारे चांगले जीवाणू अँटिबायोटिकने मरतात, जुलाबातून ती बाहेर येते, आणि तिला डायपरमध्ये हवं ते सगळं मिळतं: ऊब, ओल, सोललेली कातडी. त्यावर आपण स्टेरॉईड लावलं, म्हणजे उरलासुरला प्रतिकारही झोपवला. कान दुखला म्हणून अँटिबायोटिक दिलं ते चुकलं नाही आणि तुझंही काही चुकलं नाही. क्रम असा जुळून आला.

तिसरीही शक्यता आहे, आणि ती तुमच्या घरात असल्यामुळे डॉक्टरांना आवर्जून सांग: तिच्या बाबांचं गजकर्णच तिला लागलं असेल. गजकर्णाचा चट्टा कडेला उठावदार, कोंडा धरलेला आणि मधे जरा निवळलेला असतो. पण स्टेरॉईड लावल्यावर हे रूप इतकं पुसलं जातं की अनुभवी डॉक्टरही अडतात. मग ते कातडीचा कोंडा हलक्या हाताने खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही. करायला सांगितलं तर नाही म्हणू नकोस.

सासूबाई म्हणतात, 'खाज ती खाजच.' तसं नाही ते. निस्टॅटिन कँडिडावर चालतं, गजकर्णावर अजिबात नाही. टर्बिनाफिनचं उलटं, गजकर्णावर उत्तम आणि कँडिडावर कमजोर. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल दोन्हींवर चालतात. (हे निस्टॅटिन १९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधून काढलं, म्हणून नावही न्यूयॉर्क स्टेटवरूनच पडलं. त्यातून आलेले पैसे त्यांनी संशोधनाला देऊन टाकले. दुकानात ते नाव हाताळताना मला त्या दोघींची आठवण यायची.)

समजा डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिलं. आता लावायचं कसं, ते नीट वाच, कारण निम्मा गुण लावण्याच्या पद्धतीत आहे.

आधी स्वतःचे हात धू. कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं. शी असेल तर ती काढायला थोडं खोबरेल तेल कापसावर घेतलंस तरी चालेल. वासाचे वाइप्स सध्या बंद, साबणही रोज दहा वेळा नको. अँटिसेप्टिक तर पाण्यात मुळीच टाकू नकोस, सोललेल्या कातडीला ते भाजतं. पुसताना घासायचं नाही, फडकं टेकवून टिपायचं, आणि वळ्या बोटांनी हलकेच उघडून आतली ओल टिपायची. मग दहा-पंधरा मिनिटं तिला दुपट्यावर तशीच उघडी लोळू दे. दुपटं ओलं होईल, होऊ दे. हवेइतकं चांगलं आणि फुकट औषध दुसरं नाही, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा दे.

कातडी पूर्ण कोरडी झाली की मलम. हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुष्कळ होतं. पोळीला तुपाचा हात फिरवतो तसं पातळ, लाल भागाच्या थोडं पलीकडेपर्यंत, शिंतोड्यांसारख्या त्या पुटकुळ्यांवरही. जास्त थापल्याने लवकर बरं होत नाही, उलट वळीत ओल धरून राहते. दिवसातून दोनदा की तीनदा, ते डॉक्टर सांगतील तसं. मलम पाच-दहा मिनिटं मुरू दे आणि मग त्यावर झिंक ऑक्साईडचा लेप दे. हा मात्र जाड हवा, भिंतीला गिलावा करतात तसा. झिंकचं काम बुरशी मारण्याचं नाही, शी-शू कातडीपर्यंत पोहोचू न देण्याचं आहे. झिंक नसेल तर साधी पेट्रोलियम जेली. क्रम उलटा केलास तर औषध गिलाव्याच्या बाहेरच राहील. आणि पुढच्या वेळी डायपर बदलताना तो लेप खरवडून काढत बसू नकोस. वरचा मळलेला थर टिपून घे, खालचा राहू दे, त्यावर नवा चढव. बाळं किंचाळतात ती बऱ्याचदा आपल्या या खरवडण्यानेच.

दोन-तीन दिवसांत लाली थोडी मंदावलेली दिसेल. 'साफ' दिसणार नाही, आणि तसं दिसलं नाही म्हणून औषध बदलू नकोस. बरं दिसायला लागल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे कर. कातडीवर काही दिसत नसतानाही बुरशी थोडी उरलेली असते, आणि अर्ध्यात सोडलं की तीच पुन्हा वाढते. मात्र दोन-तीन दिवसांत वाढलं, आठवड्यात काहीच फरक पडला नाही, पाणी भरलेले फोड आले, पू आला, रक्त यायला लागलं किंवा ताप आला, तर लगेच परत दाखव. तिच्या तोंडातही बघ. जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे आहेत आणि पुसून निघत नाहीत, असं असेल तर तीही कँडिडाच, त्याचं औषध वेगळं असतं. कातडीची ट्यूब तोंडात कधीही लावायची नाही. अंगावर पाजतेस का ते लिहिलं नाहीस. पाजत असशील आणि तुझी स्तनाग्रं जळजळत असतील तर तेही डॉक्टरांना सांग, दोघींचा उपचार एकदम करावा लागतो.

कापूर लावू नकोस. मालिशवाल्या बाईंना प्रेमाने सांग, पण ठाम सांग. कापूर कातडीतून शरीरात जातो, आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. नुसतं खोबरेल तेल मालिशला छान आहे, फक्त या ओल्या वळ्यांत सध्या तेही भरू नका. मोहरीचं तेल आपल्याकडे हिवाळ्यात सर्रास वापरतात, पण पुरळ असलेल्या कातडीला ते झोंबतं. टाल्कम पावडरचा पफ उचलून ठेव. तिचे कण बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जातात आणि वळीत घामाने तिचे खडे होतात. बोरिक पावडर, तीच जी कॅरमबोर्डवर टाकतात, ती जुन्या घरांत अजून बाळाच्या डब्यात सापडते. तुमच्याकडे असेल तर आजच काढून टाक. सोललेल्या कातडीतून बोरिक अंगात भिनून बाळं दगावल्याच्या नोंदी आहेत.

लंगोट की डायपर, यावर घराघरांत वाद होतात. दोन्ही चालतात. लंगोट ओला झाल्या क्षणी बदलावा लागतो, डायपर ओल शोषून घेतो म्हणून आपण तो विसरतो, आणि तिथेच चूक होते. दर दोन-तीन तासांनी बदल आणि शी झाली की ताबडतोब. जागेपणी लंगोट किंवा काहीच नाही, रात्री डायपर, तोही एक आकडा मोठा आणि सैल, मधे एकदा बदलून, असं ठेवून बघ. लंगोट धुताना दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून काढ, साबण राहिला तर तोही टोचतो. श्रावणात आपल्याकडे दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, वरून कोरडे आणि शिवणीत दमट राहतात. इस्त्री फिरव. सगळी ओल जाते.

आता तुझ्या नवऱ्याचं. त्यांच्यावर उपचार झाल्याशिवाय लेकीचं घर सुरक्षित नाही, हे त्यांना याच शब्दांत सांग. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला हवं आणि तीच ट्यूब दाखवायला हवी. ती बंद केल्यावर काही दिवस खाज पूर्वीपेक्षा भडकेल. त्या दिवसांत धीर सुटतो आणि माणूस परत तीच ट्यूब पिळतो. हे आधीच माहीत असलेलं बरं. साध्या गजकर्णाच्या मलमासाठी आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ दोनाचं सूत्र सांगतात: दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि दिसायचं थांबल्यावर आणखी दोन आठवडे. पण वर्षभर स्टेरॉईड खाल्लेल्या गजकर्णाला बहुधा पोटातल्या गोळ्या लागतात. त्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. मित्राने घेतलेली गोळी चालणार नाही. आपल्याकडे आता अशी एक बुरशी पसरली आहे की जिच्यावर टर्बिनाफिनही बऱ्याचदा चालत नाही. २०२०मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव मिळालं. नावातल्या 'इंडो'चा अर्थ सांगायला नको. ती इथून कितीतरी देशांत पोहोचली आहे. स्टेरॉईडमिश्रित ट्यूबांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचं एक कारण असावं, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

त्यांचा टॉवेल वेगळा. त्यांचे आतले कपडे आणि लेकीचे लंगोट एका बादलीत भिजवायचे नाहीत. त्यांचे कपडे गरम पाण्यात धुऊन, उन्हात किंवा इस्त्रीने खडखडीत वाळवायचे. दिवसभर घट्ट जीन्स नको, घरी आल्यावर सैल सुती पायजमा. चट्ट्याला हात लावून तसंच बाळाला उचलायचं नाही. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यांनाही एकाच वेळी दाखवा, नाहीतर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहतं.

आणि सासूबाई. ज्या नातीसाठी रात्र रात्र जागतात त्यांना 'तुमच्यामुळे झालं' हे ऐकवायची काही गरज नाही, आणि ते खरंही नाही. त्यांनी मुलाला गुण आलेला बघितला आणि नातीला तेच दिलं. दुकानातल्या शिकलेल्या माणसाने ती ट्यूब दिली होती, त्यांनी विश्वास ठेवला. उद्या दवाखान्यात त्यांना बरोबर ने. तू सांगितलेलं सुनेचं बोलणं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं त्या स्वतःच्या कानांनी ऐकतील. घरी आल्यावर ट्यूबचा फोटो मोठा करून त्यांना दाखव आणि ते स्टेरॉईडचं नाव त्यांच्याकडून वाचून घे. पुढच्या वेळी शेजारची कोणी ट्यूब घेऊन आली तर त्याच पाठ उलटून बघतील.

मग त्यांच्याकडे एक काम सोपव, त्यांचंच असलेलं. लंगोट त्यांनी त्यांच्या मुलांसाठी शिवलेत, धुतलेत, वाळवलेत. तेव्हा डायपर नव्हते, पोरं दिवसभर उघडी लोळायची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दुपारी तू जरा आडवी होशील तेव्हा नातीला दुपट्यावर उघडं लोळवायचं आणि लंगोटांना इस्त्री करायची, हे खातं त्यांचं. औषध मात्र एकाच माणसाने लावायचं, म्हणजे तू. दोघी लावायला लागलात की कधी दोनदा लागतं, कधी राहूनच जातं. ट्यूबवर उघडल्याची तारीख आणि लेकीचं नाव पेनाने लिही, आणि ती डोळ्यांच्या मलमाजवळ ठेवू नकोस. त्या छोट्या ट्यूबा अर्ध्या झोपेत हुबेहूब सारख्या दिसतात.

लेकीच्या डॉक्टरांचं आणि तुझ्या नवऱ्याच्या डॉक्टरांचं, दोघांचं बघून झालं की ती जुनी ट्यूब परत कपाटात जायला नको. आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीला डायपरसाठी वेगळा कप्पा असतो आणि घरातल्या घातक कचऱ्यासाठी वेगळा. ट्यूबचं तोंड उघडून उरलेलं मलम जुन्या कागदात पिळून टाक, म्हणजे ती कोणी उचलून वापरणार नाही, आणि दोन्ही त्या दुसऱ्या कप्प्यात दे. आठवड्याने लेकीच्या वळ्या कशा दिसतात ते मला कळव.

– मावशी